पुण्यात झॉम्बी, बंडखोर बायकर आणि शिळं पेट्रोल : कादंबरीत अडलोय, मदत हवी

टेकडीवाला (धागाकर्ता)

मंडळी, गेली दोन वर्षं एक कादंबरी लिहितोय. घरी सांगितलंय की ऑफिसचं काम आहे. साथ, झॉम्बी, पोटभर रक्तमांस, आणि सगळं संपल्यावर रस्त्यांवर राज्य करणारी बायकरांची टोळी, असा एकूण ऐवज. इंग्रजीत या प्रकाराची कपाटंच्या कपाटं भरली आहेत. म्हटलं आपल्या पुण्यात का नको.

साथ येऊन अकरा महिने झालेत. वेताळ टेकडीवर चाळीसेक माणसं तग धरून आहेत. खाली शहरात 'ते' फिरतात. कात्रजच्या जुन्या बोगद्याच्या तोंडाशी एक टोळी बसली आहे, ती येणाऱ्याजाणाऱ्याकडून वसुली करते. म्होरक्याचं नाव भाऊ. हार्ले, काळं जॅकेट, पाठीवर कवटी, दंडाला साखळी.

चौथं प्रकरण एका मित्राला वाचायला दिलं. तो म्हणाला, "तुझा भाऊ अमेरिकेतून कुरियरने आलाय, अजून वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही." तेव्हापासून पुढे एक ओळ सरकलेली नाही. नमुना देतो:

"कुऱ्हाड त्याच्या मानेत घुसली आणि काळ्याकुट्ट रक्ताचा फवारा मंडपाच्या पडद्यावर उडाला. भाऊने हार्लेला किक मारली आणि तो हसला."

निर्दयपणे लिहा.

पेठेतला बाब्या

झॉम्बी दुपारी एक ते चारमध्ये आले तर दार कोण उघडणार?

टेकडीवाला

हा विनोद किती वेळात येतो यावर स्वतःशीच पैज लावली होती. सहा मिनिटं लागली.

नानापेठी

हार्लेला किक कुठून आणलीत? रस्त्यावर दिसणाऱ्या सगळ्या बटणावर चालू होतात. बॅटरी अकरा महिने नुसती पडून असेल तर बटणावरही चालू होणार नाही.

पण ते राहू द्या. तुमची खरी गोची पेट्रोलची आहे. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पुण्याचा एक पावसाळा गेला की पाणी आणि इथेनॉल एकत्र येऊन टाकीच्या तळाशी बसतात. वर जे राहतं त्यातला चटकन पेट घेणारा भाग आधीच उडून गेलेला असतो. लॉकडाऊन उठल्यावर आमच्या गल्लीत बंद गाड्यांची रांग लागली होती. एका काकांच्या स्कूटरचा फ्लोट बाउल, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी, उघडला तर आत हिरवट पाणी, तळाला गंज, आणि जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, काकवीसारखा चिकट थर. वास पेट्रोलचा नव्हताच, जुन्या वार्निशचा होता. हे दोन-तीन महिन्यांत झालं, तुमचे अकरा आहेत. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत माल असेल, पण वीज नाही म्हणजे तो हातपंपाने उपसावा लागणार, आणि उपसून निघणार हेच.

डिझेल त्या मानाने टिकतं. आणि आपल्याकडे डिझेल बुलेट होऊन गेली आहे, टॉरस. ३२५ सीसी, ग्रीव्हज-लोंबार्डिनीचं इंजिन, साडेसहा हॉर्सपॉवर. चढावर मागच्याने उतरून चालत यावं अशी गत, पण ॲव्हरेज लिटरला सत्तरच्या घरात. आवाज थेट शेतातल्या इंजिनाचा. आमच्या वडिलांचे एक दूधवाले गिऱ्हाईक होते, त्यांच्याकडे होती. गाडी दिसायच्या आधी पाच मिनिटं ऐकू यायची.

भाऊ त्या गाडीवर बसला तर मी पुढचं वाचेन.

टेकडीवाला

पण डिझेल बुलेट दिसायला अगदीच... म्हणजे तिच्यावर बसलेल्या माणसाला घाबरायचं कसं?

नानापेठी

पाच मिनिटं आधीपासून ऐकू येतंय, पळायला जागा नाही, आणि तो घाईत नाही. अजून काय पाहिजे?

मीनाक्षी_र

"बंडखोर बायकर" म्हणजे मुळात कोण ते आधी नक्की करा, म्हणजे भाऊही नक्की होईल. इंग्रजीत त्यांना 'आउटलॉ' म्हणतात, पण या क्लबांना गुन्हेगार हा अर्थ नंतर चिकटला. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनची मान्यता नसलेला क्लब तो आउटलॉ, इतकंच. १९४७ च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर नावाच्या छोट्या गावात शर्यतींच्या निमित्ताने हजारो मोटरसायकलवाले जमले. दारू, रस्त्यातल्या शर्यती, मारामाऱ्या. वर्तमानपत्रांनी त्याची दंगल करून छापली. त्यावर असोसिएशन म्हणे म्हणाली की नव्व्याण्णव टक्के दुचाकीस्वार कायदा पाळतात. असं विधान असोसिएशनला स्वतःच्या दप्तरात सापडलेलं नाही. पण न बोललेल्या त्या वाक्यातला उरलेला एक टक्का या लोकांनी बिरुदासारखा जॅकेटवर शिवून घेतला, तो आजही आहे. हेल्स एंजल्स पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये सुरू झाले.

यातले बरेच जण दुसऱ्या महायुद्धातून परतलेले. त्यामुळे वरून सगळा धिंगाणा आणि आतून फौजेची उतरंड. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, शिस्तीचा माणूस वेगळा, रस्ता ठरवणारा वेगळा. नवा आला की तो 'प्रॉस्पेक्ट'. त्याने गाड्या राखायच्या, झाडू मारायचा, मत द्यायचं नाही. पाठीवरचं चिन्ह मिळवावं लागतं, आणि क्लब सोडताना ते परत द्यावं लागतं. बैठक चुकली की दंड.

मला हे वाचताना दर वेळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आठवतात.

इतिहासाचा मास्तर

मीनाक्षीताईंच्या प्रतिसादाला पुरवणी. युद्ध संपलं की बिनकामाचे स्वार उरतात आणि मग ते स्वतःपुरतं युद्ध चालू ठेवतात. आपल्याकडचे पेंढारी घ्या. मराठी फौजांच्या मागेपुढे चालायचे, पगार नाही, लूट हाच पगार. तोफा नाहीत, बाजारबुणगे नाहीत, घोडा आणि भाला. १८१७-१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना घेरलं. करीमखानाला जमीन देऊन बसवला, तो शेती करू लागला. चितू शरण आला नाही, जंगलात शिरला आणि त्याला वाघाने खाल्लं. भाऊसाठी दोन्ही शेवट तयार आहेत, कोणताही उचला.

पेठेतला बाब्या

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातले वाघ अकरा महिने काय खातायत हे कादंबरीत आलंय का?

टेकडीवाला

नाही आलं. बाब्या, आता ते डोक्यातून जाणार नाही.

ताशेकरी

मी सहा वर्षं पथकात ताशा वाजवलाय, त्या जोरावर सांगतो. पुण्यात अशी टोळी हवेतून तयार होत नाही. अकरा महिन्यांत भाऊच्या एका शब्दावर मरायला तयार झालेली पोरं आली कुठून? आधीपासून एकमेकांना ओळखणारी, रात्र-रात्र जागणारी, जनरेटर आणि ट्रॅक्टर हाताळणारी, भांडणं मिटवणारी आणि लावणारी, अशी माणसं पुण्यात एकाच ठिकाणी मिळतात. मंडळात.

तो 'प्रॉस्पेक्ट' आमच्याकडे पण असतो. नव्या पोराच्या कमरेला पहिल्या दिवशी कोणी ढोल बांधत नाही. तो टेम्पोतून ढोल उतरवतो, दोऱ्या आवळतो, पाणी वाटतो. उशिरा आला तर मैदानाला फेऱ्या. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. मिरवणुकीत ढोलापेक्षा दोर धरणारी पोरं महत्त्वाची. दोन्ही बाजूंनी जाड दोर, दर दोन हातांवर एक पोरगा, आणि बाहेरून हजारो माणसांचा रेटा. पाय कसा रोवायचा, दोर छातीला न लागू देता कमरेवर कसा घ्यायचा, शेजारचा पडला तर दोर न सोडता त्याला कसं उचलायचं, हे अंगात भिनलेलं असतं. झॉम्बी म्हणजे तरी काय, मागे न हटणारी गर्दी. टोळीकडे बंदुका नकोत, दोर द्या.

आणि भाऊला वसुली हा शब्द शोभत नाही. तो वर्गणी म्हणेल. पावती फाडेल. जुन्या पावतीपुस्तकावर, वर गणपतीचं चित्र असलेल्या.

टेकडीवाला

ताशेकरी, तुम्ही कुठे राहता सांगा, येऊन पाया पडतो. चौथं प्रकरण आत्ता कचऱ्यात टाकलं.

सदाशिवकर

वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या लिखाणात तळमळ आहे. पण इतकं बीभत्स लिहायचं कशाला? मराठीला सुसंस्कृत लेखनाची परंपरा आहे. रक्तामांसाचा चिखल ही पाश्चात्त्यांची आवड.

मीनाक्षी_र

काका, बीभत्स हा शब्दच बघा कुठला आहे. नाट्यशास्त्रातल्या आठ रसांपैकी एक, जुगुप्सा त्याचा स्थायीभाव, रंग निळा, देवता महाकाळ. संस्कृत नाटककार भवभूती आपल्या विदर्भातला. त्याच्या 'मालतीमाधव'चा नायक पाचव्या अंकात स्मशानात माणसाचं मांस विकायला उभा राहतो आणि तिथे पिशाच्च प्रेत कसं सोलून खातं याचं वर्णन करतो. हाडाच्या सांध्यांतलं मांससुद्धा सोडत नाही ते. तुम्ही म्हणता ती आवड बरीच जुनी आहे आणि तिकडची नाही.

सदाशिवकर

ते संस्कृतात आहे.

सुटीवरचा सर्जन

हा वाद बाजूला ठेवून एक तक्रार नोंदवतो. मी नावाप्रमाणे सर्जन नाही, न्यायवैद्यक शिकवलं, नोकरीभर शवविच्छेदनं केली. असल्या कादंबऱ्या मी आवडीने वाचतो आणि प्रत्येकीत तोच फवारा.

प्रेतातून फवारा उडत नाही. फवाऱ्याला दाब लागतो, दाबाला चालतं हृदय. मेल्यावर रक्त अंगाच्या खालच्या भागात उतरतं, तिथली कातडी जांभळी पडते. उभ्याने फिरणाऱ्या प्रेताचं रक्त पायांत असणार. म्हणजे तुमच्या झॉम्बीच्या मानेवर घाव घातला तर ओलसर आवाज येईल, थोडं काळपट झिरपेल, बस. घोट्यावर घातला तर मात्र पखाल फुटल्यासारखं होईल. फवारा खरा कुठे, तर नुकत्या चावलेल्या जिवंत माणसाच्या मानेतून. तो ठोक्यागणिक उडतो, आधी लांब, मग जवळ, मग नुसता ओघळ. हे एकदा नीट लिहा, कादंबरीत एकदाच. वाचणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला पाहिजे.

दुसरं, कवटी. घाव घातला की नारळासारखी फुटते हा समज सिनेमाचा. कोयता कवटीत रुततो आणि अडकतो. आता तुमच्या हातात कोयता नाही आणि समोरचा अजून उभा आहे.

तिसरं, काळ. पुण्याच्या मे महिन्यात प्रेत तीन दिवसांत फुगतं. माशा पहिल्या काही तासांतच अंडी घालतात, डोळ्यांच्या कडा आणि तोंडापासून. नंतर कातडी सुटू लागते. हाताची कातडी तर नखांसकट हातमोज्यासारखी अख्खी निघून येते. ओळख पटत नसली तर आम्ही तो कातडीचा मोजा आपल्या रबरी मोज्यावर चढवतो आणि आपल्या बोटाने मेलेल्याचे ठसे घेतो. पहिल्यांदा केलं तेव्हा मी विशीत होतो. माझ्या अंगठ्यावर दुसऱ्याचा अंगठा. त्या रात्री मी जेवलो, पण चमच्याने.

टेकडीवाला

डॉक्टर, हे मी वापरणार. आधीच सांगून ठेवतो.

गेवराईकर

धागा उशिरा बघितला. कोयत्याचा विषय निघालाय म्हणून लिहितो. पुण्यातल्या लोकांना कोयता म्हटलं की गँग आठवते, पेपरात तेच येतं. आमच्याकडे कोयता हा माणसं मोजायचा आकडा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. दिवाळी झाली की गाव रिकामं, सगळे कारखान्याच्या फडात.

झॉम्बीची मूळ गोष्टही उसाच्या फडातलीच आहे, म्हणून मला ती जवळची वाटते. हैतीमध्ये फ्रेंचांच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम ऊस तोडायचे. मेल्यावर तरी सुटका होईल, आत्मा मायदेशी जाईल, ही एकच आशा. झॉम्बी म्हणजे ज्याला मेल्यावरही उठवून कामाला लावलंय असा माणूस. तो कोणाला चावत नाही, खात नाही, राबतो. १९१५ ते १९३४ अमेरिकी फौज हैतीत होती, त्या काळात ही गोष्ट तिकडे गेली. माणसं खाणारा झॉम्बी १९६८ च्या एका कृष्णधवल अमेरिकन सिनेमानंतरचा, आणि त्या सिनेमात झॉम्बी हा शब्दसुद्धा नाही.

तेव्हा साथ मार्गशीर्षात आली असं धरा. हंगाम ऐन भरात. फडात हजारो माणसं, हातात कोयते. ती उठली तर काय करतील? मला वाटतं ऊस तोडत राहतील. मोळी बांधतील. कुणीतरी गाडी भरायला येण्याची वाट बघत उभी राहतील.

नानापेठी

गेवराईकर, तुम्ही माझा इंधनाचा प्रश्न सोडवलात. ऊस म्हणजे मळी, मळी म्हणजे डिस्टिलरी, म्हणजे इथेनॉल. शुद्ध अल्कोहोलवर जुनी कार्बोरेटरवाली बुलेट चालते. पेट्रोलला हवा साधारण पावणेपंधरा पट लागते, इथेनॉलला नऊ पट, म्हणजे मेन जेट मोठा करायचा. रबरी नळ्या आणि वायसर खराब होतील, थंडीत गाडी सकाळी रुसेल, पण चालेल. भाऊच्या ताब्यात एक डिस्टिलरी दिली की त्याला पेट्रोल-डिझेल काही शोधावं लागत नाही. कारखान्याचं नाव मात्र घालू नका, बिनकामाची नोटीस येईल.

टेकडीवाला

म्हणजे भाऊला उसाची गरज. आणि ऊस तोडणारे न थकणारे, न मागणारे, हजारोंनी फडात उभे.

गेवराईकर

मला तेच म्हणायचं होतं. त्यांना उचलही द्यावी लागत नाही.

इतिहासाचा मास्तर

अंगावर काटा आला. एकच भर. विषाणू पाषाणच्या प्रयोगशाळेतून सुटला असं कृपा करून लिहू नका. पुण्यात १९५२ पासून विषाणूंवर संशोधन होतंय आणि प्रत्येक होतकरू लेखक पहिल्याच पानावर तिथली बाटली फोडतो. साथ कुठून आली ते सांगूच नका. १८९७ च्या प्लेगात पुणेकर उंदरांबद्दल फारसं बोलत नव्हते, बोलत होते ते घरात शिरणाऱ्या सोजिरांबद्दल. देवघरापर्यंत बूट, बायकामाणसांची तपासणी, सामानाची होळी, बरी असलेली माणसंसुद्धा छावणीत. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. दारावर थाप पडली की पुण्यात आधी विचारतात, कोण आहे.

पेठेतला बाब्या

सगळे एवढे गंभीर झालात म्हणून विचारतो. चावण्यापासून बचावाला सर्वांत सोपी वस्तू हेल्मेट. पुण्यात हेल्मेटसक्ती झाली का शेवटी?

ताशेकरी

झॉम्बी आले तरी विरोधी कृती समिती निघेल.

टेकडीवाला

नवा तुकडा. रात्री अडीचला लिहिलाय, सांभाळून घ्या.

"बोगद्याच्या तोंडाशी दोर ताणलेला होता. त्यामागे सहा पोरं, पाय रोवून. त्यातल्या एकाच्या अंगात अजून पथकाचा झब्बा होता, बाह्या फाटलेला.

भाऊ खुर्चीवर बसला होता. प्लास्टिकची, मांडववाल्याची. मांडीवर पावतीपुस्तक.

'टेकडीची दोन क्विंटल बाजरी,' तो म्हणाला. 'गेल्या खेपेला पावणेदोनच आली होती.'

'माणसं कमी झालीत, भाऊ.'

'वर्गणी माणशी नाही, मंडळाची आहे.' त्याने पान उलटलं. 'पाटील कुठाय? दर वेळी अंगठा त्याचा असतो.'

सुमनने पिशवीतून हात बाहेर काढला. पंजाला फडकं गुंडाळलेलं होतं, फक्त अंगठा उघडा. तिने तो शाईच्या पॅडवर दाबला, मग पावतीवर. कातडी जराशी सरकली. तिने अंगठा सरळ केला आणि पुन्हा दाबला, हळूच, लहान मुलाच्या पायात मोजा चढवावा तसा.

भाऊने पावती उजेडात धरली. जुन्या पावतीशेजारी ठेवली. रेषा जुळत होत्या. मग त्याने नाक जरा वर केलं आणि वास घेतला.

'पाटलाला म्हणावं, आराम कर,' भाऊ म्हणाला. त्याने पावती फाडून तिच्या हातात दिली. गणपतीच्या चित्राखाली लिहिलं होतं, आपला आभारी.

मागे डिझेल बुलेट धडधडत होती. फडाकडे जाणारी पोरं कमरेला दोर बांधत होती."

ताशेकरी

"आपला आभारी" वाचून पोटात गोळा आला.

सदाशिवकर

बीभत्स आहेच. पण 'पाटलाला म्हणावं आराम कर' हे वाक्य चांगलं आहे. बाजरी दोन क्विंटल दुचाकीवरून कशी आणली ते लिहा.

नानापेठी

काकांशी सहमत. आणि भाऊकडे डिस्टिलरी आली ना, मग गाडी डिझेलची का? डिझेल इंजिन इथेनॉलवर चालत नाही. एक काहीतरी ठरवा.

टेकडीवाला

मागे धडधडणारी गाडी भाऊची एकट्याची, शेवटच्या डिझेलवरची. बाकी पोरांच्या पेट्रोल बुलेट, अल्कोहोलवर. बाजरीचं बघतो, बहुतेक हातगाडी.

सुटीवरचा सर्जन

मन लावून वाचलं. सरकणारी कातडी बरोबर आहे. पण तुमची साथ अकरा महिन्यांपूर्वीची. हात असा मोज्यासारखा निघतो तो मेल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, नंतर नाही. म्हणजे पाटील साथीत गेलेला नाही, तो याच आठवड्यात मेलाय, आणि टेकडीवरच. शिवाय तो उठलेला दिसत नाही, कारण त्याचा हात शांतपणे काढून घेता आला. हे मुद्दाम केलंय का?

टेकडीवाला

मुद्दाम नव्हतं.

आता आहे. पाचवं प्रकरण सुमनपासून सुरू करतो.